शेतीविषयक चित्रफितीसाठी अल्पखर्चाची साधने : निवड व वापर

सुधारलेल्या शेतीपद्धतींचे ज्ञान प्रयोगक्षेत्रावरून शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचविण्याच्या कामी चित्रफीत, म्हणजेच व्हिडिओ, हे साधन आता गावोगाव वापरले जाते. बीजप्रक्रिया कशी करावी, किडीची अंडी पानाच्या कोणत्या बाजूस शोधावी, फवारणीपूर्वी अंगावर काय घालावे, या गोष्टी वाचण्यापेक्षा पाहून लवकर उमगतात. परंतु चित्रफितीतील सांगणे नीट ऐकू आले नाही, तर तिच्यापासून लाभ होण्याऐवजी हानी होण्याचा संभव असतो. औषधाचे प्रमाण सांगताना वाऱ्याची झुळूक आली आणि ‘दीड’ हा शब्द उडून गेला, तर ऐकणाऱ्यापाशी नुसते ‘मिलिलिटर’ उरते. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे लक्षात घेता या विषयात संदिग्धतेला जागा असता कामा नये. सबब साधने निवडताना चित्राच्या झगमगाटापेक्षा सांगणे स्पष्टपणे पोचते की नाही, हीच मुख्य कसोटी मानावी.

पुण्याचा धडा

पुणे हे चित्रपटाचे जुने शहर आहे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुराहून येथे आली आणि तिच्याच स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. या परंपरेमुळे चित्रीकरण म्हटले की मोठा कॅमेरा डोळ्यांपुढे उभा राहणे स्वाभाविक आहे. परंतु शेतकी प्रसाराचा धडा घ्यावयाचा तो पुण्यातच झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगापासून. १९५६ मध्ये आकाशवाणी व युनेस्को यांच्या सहकार्याने पुणे केंद्रावरून शेतकी रेडिओ मंडळांचा प्रयोग करण्यात आला. पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापून, आठवड्यातून दोनदा याप्रमाणे २० कार्यक्रम ऐकविण्यात आले व प्रत्येक कार्यक्रमानंतर चर्चा घेण्यात आली. ज्या गावांत मंडळे होती तेथील लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. जेथे मंडळे नव्हती तेथे ती नगण्य होती. त्या प्रयोगात चित्र मुळीच नव्हते. स्पष्ट आवाज आणि त्यावरील चर्चा एवढ्यावरच कार्य झाले. म्हणून खर्चाचा क्रम प्रथम ध्वनी, नंतर प्रकाश व शेवटी कॅमेरा असा ठेवावा.

ध्वनी

अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागी ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. फोन तीन मीटरवर ठेवून त्याच्याच माइकवर विसंबल्यास बोलणाऱ्याच्या आवाजापेक्षा वारा, पंप व रस्त्यावरील वाहने हीच अधिक ऐकू येतात. यावर उपाय म्हणजे सदऱ्याला लावण्याचा छोटा कॉलर माइक. तो हनुवटीखाली सुमारे एक वीत अंतरावर, कापडाला घासणार नाही अशा बेताने लावावा. साधा वायरचा कॉलर माइक हजार रुपयांच्या आत मिळतो व बहुतेक कामांना पुरतो. सऱ्यांतून चालत बोलावयाचे असल्यास बिनतारी माइक सोयीचा पडतो. मात्र तो वेळेवर चार्ज करण्याची जबाबदारी वाढते.

खरेदीपूर्वी जोडणीची पिन अवश्य तपासावी. फोनच्या पिनेवर तीन काळ्या कड्या असतात, तर कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. चुकीची पिन लावल्यास आवाज मुळीच नोंदला जात नाही, आणि ही गोष्ट घरी आल्यावरच कळते. अनेक नव्या फोनांना गोल छिद्रच नसते. त्यांच्यासाठी टाइप-सी जोडणीचा माइक घ्यावा.

शेतात वारा हा मोठा शत्रू होय. स्पंजाची टोपी मंद वाऱ्याला पुरते. जोराच्या वाऱ्यात केसाळ आवरण लागते. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो. त्यापेक्षा झाडाखाली अथवा धान्याच्या पोत्यांनी भरलेल्या खोलीत बोलणे बरे, कारण पोती आवाजाचा घुमारा शोषून घेतात. माइक घेणे शक्य नसल्यास दुसरा फोन बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून त्यावर केवळ आवाज नोंदवावा. आरंभी दोन्ही फोनांना ऐकू जाईल अशी एक टाळी वाजवावी, म्हणजे पुढे चित्र व आवाज यांचा मेळ घालता येतो.

प्रकाश

सूर्यप्रकाश फुकट आहे; त्याचा उपयोग करून घेण्याची रीत मात्र माहीत असावी. भर दुपारी डोळ्यांखाली व पानांखाली गडद सावल्या पडतात. सकाळी अथवा तिसऱ्या प्रहरी, सूर्य तिरपा असताना चित्रीकरण करावे. सावलीची बाजू उजळण्यासाठी खाटेवर ताणून बांधलेले पांढरे धोतर किंवा चादर उत्तम काम देते.

पिकावरील रोग दाखविताना प्रकाशाची निवड विशेष महत्त्वाची ठरते. पान अन्नद्रव्याच्या अभावाने पिवळे पडले आहे, की रोगाने, याचा निर्णय पुष्कळदा रंगाच्या छटेवरून होतो. हलक्या प्रतीच्या दिव्याखाली हिरव्या रंगातील भेद नाहीसे होतात आणि पाहणाऱ्याची दिशाभूल होते. म्हणून रोगट पान शक्यतो मोकळ्या आकाशाखालील सावलीत, शेजारी निरोगी पान व पांढरा कागद ठेवून चित्रित करावे. दिवा घ्यावयाचाच झाल्यास नुसते वॅट पाहू नयेत. रंगांचा खरेपणा दर्शविणारा सीआरआय हा आकडा ९५ किंवा त्याहून अधिक असावा, व प्रकाशाचा वर्ण दिवसाच्या उजेडाशी जुळणारा, म्हणजे सुमारे ५६०० केल्विन असावा. पिवळा बल्ब व दिवसाचा उजेड एकत्र करू नयेत. वीजपुरवठ्याचा भरवसा नसलेल्या ठिकाणी बॅटरीवर चालणारा एलईडी दिवाच पत्करावा.

आपल्याकडील विजेचे आवर्तन सेकंदाला ५० असल्यामुळे घरगुती दिव्यांखाली काही वेळा चित्रात पट्टे थरथरताना दिसतात. फोनमध्ये शटर ठरविण्याची सोय असल्यास ते १/५० किंवा १/१०० ठेवावे. दोष बहुधा नाहीसा होतो.

कॅमेरा

हातात असलेला बरा फोन आरंभासाठी पुरेसा आहे. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे चित्र, सेकंदाला २५ किंवा ३० चौकटी, एवढे मोजमाप शेतकऱ्याच्या फोनच्या पडद्यासाठी भरपूर होते. फोरके चित्रात ठिपके चौपट असतात. साठवणीची जागा व पाठविण्याचा वेळही त्याबरोबर वाढतो. पुढील नियम मात्र पाळावेत :

१. मागील बाजूचा कॅमेरा वापरावा व त्याची काच स्वच्छ मऊ कापडाने पुसून घ्यावी.
२. फोन ट्रायपॉडवर बसवावा. हलणाऱ्या चित्रात किडीची ओळख पटत नाही.
३. पडद्यावर बोटे ताणून चित्र मोठे करू नये. फोनच जवळ न्यावा. बारीक किडींसाठी चिमट्याने बसणारे छोटे भिंग घ्यावे.
४. उजेड व रंग यांचे मापन सोय असेल तेथे स्थिर करून ठेवावे.
५. चित्रीकरणाच्या वेळी फोन विमान-स्थितीत ठेवावा, म्हणजे मध्येच कॉल येणार नाही.
६. एका मिनिटाच्या चित्रणास फोननुसार सुमारे ६० ते १५० मेगाबाइट जागा लागते, हे ध्यानात घेऊन आधीच जागा मोकळी करावी.

वेगळा कॅमेरा घेण्याचा विचार नियमित काम सुरू झाल्यावरच करावा. त्या वेळीही माइकसाठी छिद्र नसलेला कॅमेरा, तो कितीही स्वस्त असला तरी, घेऊ नये.

खर्चाची वाटणी व खरेदी

हाती १०,००० रुपये असल्यास साधारणतः ३,००० ध्वनीसाठी, ३,००० प्रकाशासाठी, २,००० ट्रायपॉडसाठी व उरलेले २,००० मेमरी कार्ड, पॉवर बँक व किरकोळ खर्चासाठी राखावेत. कॅमेऱ्याचा खर्च यात धरलेला नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. रक्कम याहून थोडी असल्यास प्रथम माइक, मग ट्रायपॉड घ्यावा. दिव्याचे काम सूर्य करील.

पुण्यास खरेदीसाठी येणाऱ्यांना बुधवार पेठेतील तपकीर गल्ली व आसपासचा विजेच्या साधनांचा बाजार परिचित आहेच. तेथे जाताना स्वतःचा फोन व हेडफोन सोबत न्यावा. दुकानाबाहेरील गर्दीतच माइक लावून दोन वाक्ये नोंदवावीत आणि ऐकून पाहावीत. बाजाराच्या गलबल्यात जो माइक बोलणे स्पष्ट टिपतो, तो शेतात दगा देण्याचा संभव कमी. पक्की पावती व हमीपत्र घेण्यास विसरू नये. वर्षातून एखादेच वेळी लागणारे भारी साधन विकत घेण्याऐवजी भाड्याने आणावे. तीनचार गावांनी अथवा शेतकरी गटांनी मिळून एक संच घेतल्यास तो पडून राहत नाही.

पाठविण्यापूर्वीची परीक्षा

चित्रफीत तयार झाली म्हणजे काम संपले असे नाही. औषधाचे नाव व प्रमाण यांसारखी माहिती बोलण्यात दोनदा यावी व पडद्यावर मोठ्या अक्षरांतही दाखवावी. ती औषधाच्या वेष्टनावरील सूचनांशी ताडून पाहावी. नंतर चित्रीकरणात भाग न घेतलेल्या पाच शेतकऱ्यांना पारावर किंवा बांधावर, त्यांच्याच फोनवर, ती दाखवावी आणि विचारावे : प्रमाण किती सांगितले? अंगावर काय घालावयास सांगितले? पाचांपैकी एकाचेही उत्तर चुकले, तर दोष ऐकणाऱ्याचा न मानता तो भाग पुन्हा चित्रित करावा.

१९५६ च्या मंडळांत ऐकणे संपल्यावर प्रश्न सुरू होत. आजही चित्रफीत केवळ फोनवरून पाठवून न थांबता चार माणसांना एकत्र बसवून दाखविल्यास व शंकांचे निरसन केल्यास तिचे चीज होते. याप्रमाणे योजना केल्यास अल्पखर्चाची साधनेही हे काम उत्तम प्रकारे पार पाडू शकतील.