बाटलीतले बेडूकमासे

जुलैतला सोमवार होता. सहावीतला एक विद्यार्थी प्लास्टिकच्या बाटलीत दहा-बारा बेडूकमासे घेऊन वर्गात आला. आदल्या दिवशी तो मामूंसोबत आंबोलीला गेला होता, तिथल्या ओढ्यातून त्याने ते आणले होते. "सर, आमच्या विहिरीत सोडतो. मोठे झाले की उसातले किडे खातील."

मुलाचा हेतू नेक होता. बिद्रीचा सगळा परिसर उसाचा, आणि बेडूक किडे खातो हे मीच शिकवलेले. तरीही मी त्याला थांबवले. त्याचे कारण घराघरांत माहीत असायला हवे.

कायट्रिड नावाची एक बुरशी आहे. ती बेडकाच्या कातडीत वाढते. बेडूक कातडीतून पाणी घेतो, श्वास घेतो, अंगातले क्षार सांभाळतो. बुरशीने कातडी बिघडली की क्षारांचा तोल जातो आणि शेवटी हृदय थांबते. ऑस्ट्रेलिया व मध्य अमेरिकेतल्या बेडकांच्या मृत्यूमागे हीच बुरशी असल्याचे १९९८ मध्ये उघड झाले. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी जगाचा हिशोब मांडला: या रोगाने किमान ५०१ प्रजाती घटल्या आणि त्यांतल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या.

ही बुरशी पसरते पाण्यातून. तिच्या सूक्ष्म बीजाणूंना शेपटी असते. ते पोहतात, पण थोडेच अंतर. मग ती एका खंडातून दुसऱ्या खंडात कशी गेली? माणसाने नेली. बेडकांचा जिवंत व्यापार झाला आणि त्यांच्यासोबत रोगही गेला. ओला चिखल, ओले बूट, ओली जाळी यांतूनही ती एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकते.

बेडूकमाशांची गोष्ट आणखी फसवी. बुरशीला लागणारे केराटिन त्यांच्या फक्त तोंडाच्या भागात असते. म्हणून बाधा झालेला बेडूकमासाही सहसा मरत नाही, बाटलीत मजेत पोहतो. त्याचा बेडूक झाला, अंगभर केराटिन आले, की रोग पसरतो. निरोगी दिसणारी बाटली म्हणून भरवशाची नसते.

हे संकट आपल्या सह्याद्रीतही आहे. २०१३ मध्ये उत्तर पश्चिम घाटातल्या तीन प्रजातींत ही बुरशी सापडल्याचे प्रसिद्ध झाले. दोन प्रजातींवर बाहेरून काहीच खूण नव्हती. तिसरीच्या कातडीवर मात्र जखमा होत्या, कातडी तपकिरी पडून सोलत होती. या तिसऱ्या बेडकाचे शास्त्रीय नाव निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. मुंबईचे निसर्गतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या सन्मानार्थ ते ठेवले गेले. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचे हे नातलग. बेडकाच्या तंगड्यांची परदेशी निर्यात थांबावी म्हणून अब्दुलअलींनी लेखणी झिजवली. बेडूक गेले तर शेतातले किडे कोण खाणार, हा त्यांचा सवाल होता. १९८७ मध्ये निर्यातबंदी झाली.

घाटात सापडलेला बुरशीचा वाण आशियातलाच आहे. पण या बुरशीचे वाण अनेक, आणि सगळे सारखे घातक नाहीत. एका पाण्यातला वाण दुसऱ्या पाण्यातल्या बेडकांना नवा असेल, तर ते त्याला तोंड देतीलच असे नाही. म्हणून आपल्या हातून तो इकडून तिकडे जाऊ नये.

सुनन अबू दाऊदमध्ये नोंद आहे की एका हकीमाने औषधात बेडूक वापरण्याबद्दल विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) बेडूक मारण्यास मनाई केली. मुद्दाम मारणे तर दूरच, आपल्या बेफिकिरीनेही तो मरू नये, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.

करायचे सोपे आहे. बेडूक, बेडूकमासे किंवा ओढ्याचे पाणी दुसरीकडे नेऊ नका. घाटातून परतताना बूट-चपलांचा चिखल तिथेच धुऊन काढा आणि घरी त्या पूर्ण वाळवा. कोरडेपणा या बुरशीला सोसत नाही. माणसाला हा रोग होत नाही, तेव्हा मुलांना बेडकांची भीती घालू नका. लांबून बघू द्या, आवाज ऐकू द्या.

त्या मुलाचे मामू संध्याकाळी आंबोलीला परतणार होते. बाटली त्यांच्यासोबत त्याच ओढ्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी पोराने सांगितले, "सर, मी चपला पण धुतल्या. अम्मीनं चुलीजवळ वाळवल्या."