नारळ फोडायचा नाही, वाढवायचा

कळंब तालुक्यात येरमाळ्याला येडेश्वरीपुढे भाविक नारळ वाढवतात, म्हणजे फोडतात. याच क्रियापदाने ताटात भात पडतो, पोर उंच होते आणि हातातली बांगडी तुटते. ‘बांगडी वाढली’ हे ऐकून मराठी माणसाला ती मोठी झाली असे वाटत नाही. मंगळसूत्राची दोरी तुटली तरी ते ‘वाढले’, आणि रात्री शटर ओढणारा दुकानदार दुकान ‘वाढवतो’.

या उलटेपणामागे अशुभाची धास्ती आहे. ‘बांगड्या फोडल्या’ हे शब्द वैधव्याच्या विधीशी इतके घट्ट जोडलेले की धुणे धुताना पिचलेल्या काकणालाही ते लावणे नको वाटे. मग उलट अर्थाचा, भरभराटीचा शब्द पुढे केला गेला. निघताना ‘जातो’ऐवजी ‘येतो’ म्हणतात तेही यातलेच. नारळाची मात्र गंमत वेगळी: पुढारी तो कामाच्या आरंभाला वाढवतो, आणि कामगाराला तो मिळाला की नोकरी संपलेली असते.

‘परवा’लाही दोन उलट अर्थ आहेत, पण त्यात भीतीचा संबंध नाही. संस्कृतातला ‘परश्वः’ फक्त उद्यानंतरच्या दिवसाचा होता. मराठीत तो आजपासून दोन दिवस मागे आणि दोन दिवस पुढे, दोन्हीकडे चालतो. ‘परवा आला’ आणि ‘परवा येईल’ यांत क्रियापद दिशा सांगते. ‘परवाची बैठक’ एवढेच कानावर आले, तर ती झाली की व्हायची आहे, हे विचारावेच लागते.

इंग्रजीत ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. ‘क्लीव्ह’ म्हणजे चिरणे आणि चिकटणेही. पण ‘क्लीव्ह’ची मुळात दोन वेगळी क्रियापदे होती, उच्चार झिजत झिजत ती एकरूप झाली. जर्मन अभ्यासक कार्ल आबेलने अशा जोड्यांवरून आदिम भाषेत एकाच शब्दाला उलटसुलट अर्थ असत, असा सिद्धान्त मांडला. फ्रॉइडने 1910 साली तो स्वप्नांच्या अर्थाशी जोडला. आबेलच्या बऱ्याच व्युत्पत्त्याच चुकीच्या आहेत, हे भाषाशास्त्रज्ञ बेनव्हेनिस्तने 1956 मध्ये दाखवले आणि त्या आकर्षक कल्पनेतली हवा गेली.

उलटेपणाचा आभासही शब्द घडवतो. समर्थ रामदासांच्या ‘अचपळ’मधला ‘अ’ नकार देत नाही. अचपळ मन हे फारच चपळ असते. ऋग्वेदात ‘असुर’ हे वरुणासारख्या देवाचे गौरवाचे विशेषण होते. पुढे त्यातल्या ‘अ’ला नकार समजून तो काढला गेला आणि ‘सुर’ हा नवा शब्द तयार झाला. काळ्या रंगाच्या ‘असित’मधून पांढरा ‘सित’ असाच निघाला. ‘विधवा’ हा इंग्रजी ‘विडो’चा सख्खा नातलग, त्यातला ‘वि’ उपसर्ग नव्हेच. तरी तो तोडून नवऱ्यासाठी ‘धव’ घडला, आणि त्यावरून ‘सधवा’.

इंग्रज विनोदी लेखक वुडहाउसने 1938 च्या एका कादंबरीत हाच खेळ केला. ‘डिसग्रंटल्ड’ म्हणजे नाराज. त्याचा ‘डिस’ उडवून त्याने ‘ग्रंटल्ड’ हा ‘खूश’ अशा अर्थाने वापरला. त्या ‘डिस’चे कामही ‘अचपळ’मधल्या ‘अ’सारखे जोर देण्याचे, आणि ‘ग्रंटल’ म्हणजे कुरकुरणे. वाचक हसले. ‘सुर’ला मात्र कुणी हसले नाही, अमरकोशात तो देवांच्या नावांत जाऊन बसला.