साखऱ्यातली सुशी, आजीच्या अटीवर!

"कच्चंच खायचं? मांजर हायस का गं तू?"

आजीने हे विचारलं तेव्हा माझ्या मोबाईलवर एक रील चालू होतं. पांढराशुभ्र भात, त्यावर कच्च्या सॅल्मनच्या केशरी फोडी, वरून सोया सॉस आणि तीळ. आमच्या होस्टेलच्या ग्रुपवर महिनाभर हेच चाललंय. सुटीत साखऱ्याला घरी आले होते, म्हटलं आपणही करून बघू.

आता सेनगाव तालुक्यात सॅल्मन कुठून आणायचा? ऑनलाईन शोधलं तर बर्फात पॅक करून दोन दिवसांत पाठवतो म्हणणारं एक दुकान सापडलं. ऑर्डर करणारच होते, पण पत्रकारितेचं शिक्षण आडवं आलं. आधी जरा वाचू तरी!

वाचलं आणि पहिला धक्का बसला. सुशी म्हणजे कच्चा मासा नाहीच. सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेला भात. नुसत्या कच्च्या माशाच्या फोडींना साशिमी म्हणतात.

दुसरा धक्का त्याहून मोठा. जपानी लोक पूर्वापार सॅल्मन कच्चा खात नव्हते! त्यांच्याकडच्या पॅसिफिक सॅल्मनमध्ये ॲनिसाकिस नावाचे जंत असतात, म्हणून तो मीठ लावून भाजला जायचा. 1980च्या दशकात नॉर्वेकडे शेततळ्यासारखा समुद्रात पाळलेला सॅल्मन भरपूर झाला. तो खपवायला त्यांनी 'प्रोजेक्ट जपान' नावाची मोहीम काढली. कोरडं खाद्य खाणाऱ्या या माशात जंतांचा धोका अगदी कमी, म्हणून तो कच्चा चालतो हे त्यांनी जपान्यांना पटवलं. म्हणजे आपण जिला पुरातन जपानी परंपरा समजतो ती आपल्या आईवडिलांच्या वयाची आहे. आणि जुन्या काळातली जपानी आजी माझ्या आजीच्याच पक्षात होती.

मग प्रश्न उरला तो आपल्या गावाचा. मासा "ताजा" असला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण कच्च्या माशाचं गणित थंडीचं आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमानुसार जंत मारायला मासा उणे 20 अंशांवर सात दिवस, किंवा उणे 35 अंशांवर गोठवून 15 तास ठेवावा लागतो. घरचा फ्रीज साधारण उणे 18पर्यंत जातो, तोही लाईट असेल तर! शिवाय गोठवल्याने जंत मरतात, जिवाणू सगळे मरत नाहीत. वाटेत बर्फ वितळला की ते पुन्हा वाढायला मोकळे. लिंबू पिळलं किंवा व्हिनेगर लावलं म्हणजे मासा "शिजला" असंही नाही.

"मग येलदरीचा रोहू कच्चा खाऊ, तो तर समोरचाच," असं माझा भाऊ म्हणाला. अजिबात नको! गोड्या पाण्यातला मासा तर कच्चा खाऊच नये. थायलंड, लाओसमध्ये असे मासे कच्चे खाल्ल्याने यकृतात कृमी होणं हा जुना आजार आहे. आणि हो, 'इंडियन सॅल्मन' म्हणून विकला जाणारा रावस हा सॅल्मन नव्हेच. तो वेगळ्याच कुळातला.

शेवटी ठरलं, भात जपानी, मासा आपला, आणि तो शिजवूनच.

दोघांसाठी एक वाटी आंबेमोहोर मऊ शिजवा, चिकटपणा येतो. दीड मोठा चमचा साधं व्हिनेगर, एक चमचा साखर आणि पाव चमचा मीठ कोमट करून गरम भातात हलक्या हाताने मिसळा. पाव किलो मरळ घ्या, काटे कमी असतात. रोहू असेल तर तळल्यावर काटे काढा. माशाला हिंगोलीची हळद आणि अगदी थोडं मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, तव्यावर आतपर्यंत शिजवा. दोन मोठे चमचे सोया सॉस, चमचाभर गूळ, आलं आणि लसूण मिनिटभर उकळून माशावर ओता. वर काकडी, कांद्याची पात, भाजलेले तीळ. वसाबीऐवजी पाण्यात वाटलेली मोहरी, नाकात तशीच झणझणते.

शहरात राहताय आणि कच्चा सॅल्मन खायचाच आहे? मग दुकानदाराला स्पष्ट विचारा: हा कच्चा खाण्यासाठीच गोठवलेला आहे का? किती अंशांवर, किती दिवस? नुसत्या 'सुशी ग्रेड' लेबलवर जाऊ नका, अमेरिकेतसुद्धा त्या शब्दाला सरकारी व्याख्या नाही. आणला की फ्रीजमध्येच वितळू द्या आणि त्याच दिवशी संपवा. गरोदर महिला, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी लोकांनी लांबच राहिलेलं बरं.

आमचा बाऊल केशरी नव्हता, पिवळाधमक होता. ग्रुपवर फोटो टाकला तर मैत्रिणी म्हणाल्या, "ही कसली सुशी?" आजीने मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलं. भात जरा गोडच झालाय म्हणाली, आणि वरून ठेचा घेतला.