मुलाच्या नावावरची ठेव आणि आईबापांचा कर

माहीममधल्या आमच्या शेजारच्या चाळीतील एक ताई बँकेचा कागद घेऊन घरी आल्या. सासरे पालिकेतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी आपल्या पुंजीतले आठ लाख रुपये नातवाच्या नावाने मुदत ठेवीत टाकले. नातू सातवीत आहे. २०२५-२६ या वर्षाचे व्याज झाले ५६,००० रुपये. त्यातले ५,६०० रुपये बँकेने कर म्हणून कापून घेतले. "दादा, शाळेतल्या पोराला कसला आलाय कर?" ताईंचा सवाल रास्त होता.

वाचक बंधू-भगिनींनो, कायदा असा आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या ठेवीचे व्याज आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. पैसे आजोबांनी दिले असले तरी फरक पडत नाही. श्रीमंत मंडळी मालमत्ता मुलांच्या नावांवर वाटून कर वाचवीत, म्हणून १९९२ च्या वित्त कायद्याने ही तरतूद आणली. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही ती कायम आहे. आईबाप विभक्त झाले असतील, तर मुलाला जो सांभाळतो त्याच्या हिशेबात हे व्याज धरतात. जुन्या करपद्धतीत प्रत्येक मुलामागे १,५०० रुपयांपर्यंत सूट मिळते. नव्या पद्धतीत ती नाही.

मात्र मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कलाकौशल्याने मिळवलेली कमाई त्याचीच राहते. कायद्यात बसणारे अपंगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्नही आईबापांत मिळवत नाहीत. आणि ज्या लेकराचे आई-वडील दोघेही हयात नाहीत, त्याचे व्याज त्याचेच. ते करमर्यादेच्या वर गेले तर पालकाने त्याच्या वतीने विवरणपत्र भरायचे. मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्याचे व्याज करमुक्त असते.

आता ताईंचा हिशेब पाहू. यजमानांचा वर्षाचा पगार तीन लाख. व्याज धरून ३,५६,००० झाले. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे देणे शून्य. मग पैसे का कापले? १ एप्रिल २०२५ पासून बँक व्याज वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर गेले की दहा टक्के कपात होते. पॅन दिला नसता, तर वीस टक्के, म्हणजे ११,२०० रुपये गेले असते!

कापलेले पैसे आपोआप घरी येत नाहीत. यजमानांनी विवरणपत्र भरून, त्यात मुलाचे व्याज दाखवून ते परत मागावे लागतात. "आपल्याला कर लागत नाही, मग कागद कशाला?" असे म्हणून आपली माणसे हक्काचे पैसे सोडून देतात. पुढच्या वर्षी चूक टाळायची, तर व्याज कोणाच्या उत्पन्नात जाणार हे बँकेला आधीच लेखी कळवून त्या पालकाचा पॅन द्यावा. कर बसतच नसेल, तर कपात करू नये असा अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच भरावा.

मूल अठरा वर्षांचे झाले की त्या दिवसापासूनचे व्याज त्याचे स्वतःचे. तेव्हा खाते त्याच्या सहीने बदलून घ्या.

ताईंच्या यजमानांचे विवरणपत्र आम्ही रविवारी बसून भरले. तुमच्या घरातल्या मुलांची पासबुके आणि ठेवींच्या पावत्या आजच काढा व व्याजाची बेरीज करा. काही कापले गेले असेल, तर ३१ जुलैची वाट पाहत बसू नका.