पाठीवर पंप, खिशात पुडी

व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दारू पिऊन रस्त्याकडेला पडलेला माणूस येतो. गावच्या बैठकीत "येथे व्यसनी किती?" असे विचारले तर मंडळी गालात हसतात आणि दोन-चार ठरलेल्या घरांकडे बोट दाखवतात. बोट दाखवणाऱ्याच्या तळहातावर त्याच वेळी तंबाखू मळली जात असते आणि आत चुलीपाशी त्याची आई तव्यावर मिश्री भाजत असते. याला कोणी नशा म्हणत नाही. म्हणून सुरुवात येथूनच करतो.

तंबाखूतील निकोटीन हे आपल्या धंद्याला परके नाही. तंबाखूचा काढा करून माव्यावर फवारण्याची पद्धत जुन्या शेतकऱ्यांना चांगली ठाऊक आहे. निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक म्हणून बाजारातही मिळे; पुढे देशात त्याच्या वापरावर बंदी आली. आज कपाशीवर तुडतुडे दिसले की तुम्ही इमिडाक्लोप्रिड आणता. त्या गटाचे नावच निओनिकोटिनॉइड, म्हणजे निकोटीनच्या धर्तीवर माणसाने घडवलेले औषध. निकोटीन किडीच्या मज्जासंस्थेवर जेथे घाव घालते, तशीच जागा आपल्याही शरीरात आहे. माणूस किडीपेक्षा मोठा म्हणून मरत नाही. पण नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि काही दिवसांत मेंदूला त्याची सवय जडते. मग पुडी संपली की चिडचिड सुरू होते, कामात लक्ष लागत नाही. तंबाखूने काम चांगले होते असे सांगणारा गडी खरे तर तलफ भागल्याचे समाधान सांगत असतो.

चुना कशासाठी लावतात? माती परीक्षणाच्या पत्रिकेत तुम्ही सामू पाहता. चुना लावला की तंबाखूचा सामू वाढतो, निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून झटपट रक्तात उतरते. ती त्वचा चुन्याने भाजते ते वेगळेच. तंबाखूत कर्करोग करणारी द्रव्येही असतात आणि ती वर्षानुवर्षे त्याच जागी घासली जातात. सुपारीत तंबाखू नसली तरी ती निरुपद्रवी नाही. सुपारी स्वतः कर्करोगकारक ठरली आहे आणि तिने तोंडाची आतली त्वचा ताठ होऊन जबडा उघडेनासा होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी तो कोठे मिळतो हे गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत असते, याला काय म्हणावे!

एक सोपी परीक्षा घरीच करा. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांच्या मधे घालून पाहा. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन आठवडे टिकली असेल, तर उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्यांना दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. आरंभीचा कर्करोग बहुधा दुखत नाही.

आता भगिनींसाठी. मिश्रीने दात साफ होतात, बाळंतपणानंतर पोटाला बरे वाटते, असे सासूकडून सुनेकडे चालत येते. ताई, मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच आहे. दिवसातून चार-पाच वेळा हिरड्यांवर घासली तर निकोटीन पोटातल्या बाळापर्यंत जाते, वारेकडचा रक्तप्रवाह कमी होतो, मूल कमी वजनाचे जन्मते, कधी वेळेआधी येते, कधी पोटातच दगावते. घरात सून गरोदर असेल तर सासूबाईंनी स्वतःची डबीही तिच्यासमोर उघडू नये, इतके तरी करावे.

तंबाखू पिकवणाऱ्यांशी माझे भांडण नाही. त्यांच्या मालाला भाव मिळावा म्हणून १९८१ मध्ये निपाणीला केवढे आंदोलन झाले होते! पण त्यांनीही ओली पाने उघड्या हाताने तोडू नयेत. दवाने भिजलेल्या पानातून निकोटीन कातडीतून आत जाते आणि मळमळ, उलट्या, चक्कर येते. पुडी तोंडात न धरताही ही बाधा होते.

माझ्या दृष्टीने सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे फवारणीचा हंगाम. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती: वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणे, संरक्षक कपड्यांचा अभाव, उष्मा. पण शेतावर गेल्यावर मला आणखी एक गोष्ट नेहमी दिसते. नोझल तुंबले की गडी ते तोंडाने फुंकतो, हात पंचाला पुसतो, त्याच हातावर तंबाखू मळतो आणि बार भरतो. प्रोफेनोफॉससारखे औषध अशा रीतीने थेट तोंडात जाते, आणि चुन्याने सोललेल्या त्वचेला तर ते अडवताही येत नाही. बिडी पेटवणाऱ्याचेही तेच. पंप पाठीवर असेपर्यंत पुडी व बिडी घरी ठेवावी. काम संपल्यावर साबणाने हात-तोंड धुऊन, अंघोळ करून, कपडे बदलून मगच तोंडात काही घालावे.

"संध्याकाळी थोडी घेतली की औषध उतरते" ही समजूत तर प्राणघातक आहे. दारूने विष उतरत नाही. उलट शरीरातले पाणी कमी होते आणि विषबाधेची लक्षणे झाकली जातात. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधाची बाधा झालेला माणूस झोकांड्या देतो, बरळतो, ओकतो. तोंडाला दारूचा वास आला की घरचे म्हणतात, "झोपू द्या, सकाळी उतरेल." सकाळपर्यंत तो राहत नाही. फवारणी केलेल्या माणसाच्या तोंडातून लाळ गळत असेल, घाम सुटला असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, अंगातले स्नायू फडफडत असतील, तर तो प्यालेला असो वा नसो, कपडे काढून साबण-पाण्याने धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. डब्यावरील नाव पाहून डॉक्टरांना ॲट्रोपिन व इतर उपचार लगेच सुरू करता येतात.

दारूचे इतर दुष्परिणाम मी थोडक्यात उरकतो, कारण ते तुम्ही घरोघर पाहता: यकृत घट्ट होणे, पोटात पाणी होणे, पायांना मुंग्या, विस्मरण. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की निर्धोक असे दारूचे प्रमाणच नाही. हातभट्टीत काळा गूळ आणि नवसागर जातो, ते वाईट आहेच; पण सामूहिक मृत्यू घडतात ते कारखान्यातील मिथेनॉलची भेसळ झाली की. मुंबईत मालवणी येथे २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे अशीच गेली. मिथेनॉलपासून शरीरात फॉर्मिक आम्ल तयार होते आणि ते डोळ्यांच्या नसा जाळते. हे लगेच कळत नाही, बारा-चोवीस तासांनी धुक्यातून पाहिल्यासारखे दिसू लागते. पिणाऱ्याने असे सांगितले की रात्र असली तरी निघावे. वेळेवर पोहोचल्यास जीव आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात.

येथे घरच्या बायकांना दोन गोष्टी कळकळीने सांगतो. भिंतींवर जाहिराती असतात, "न कळत दारू सोडवा". अशा पुड्यांत कधी डायसल्फिरामसारखे औषध असू शकते. ते भाजीत किंवा चहात कालवले आणि नवरा बाहेर पिऊन आला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब एकदम उतरतो आणि जीवही जाऊ शकतो. हे औषध माणसाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. दुसरी गोष्ट, रोज भरपूर पिणाऱ्याला देवाची शपथ घालून एका दिवसात बंद करायला लावू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झटके येतात, भास होतात, आणि यात माणूस दगावू शकतो. दारू सोडवावीच, पण दवाखान्याच्या आधाराने.

केमिकल ताडीचेही असेच आहे. झाडावरून उतरलेली ताडी राहिली बाजूला, पाण्यात क्लोरल हायड्रेट किंवा झोपेच्या गोळ्यांची पूड कालवून विकतात. अचानक मिळेनाशी झाली की लोकांना फिट येतात, आणि गावात मात्र भानामतीची चर्चा होते.

गांजाबद्दल शेतकऱ्याने कायदाही समजून घ्यावा. कोवळ्या वयात गांजा ओढणाऱ्याची स्मरणशक्ती व अभ्यास खालावतो आणि काहींना संशयाचे, भासाचे वेड लागते. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तुरीत किंवा उसाच्या सरीत लपवलेली झाडे कधीतरी सापडतातच. आपल्या रानात दुसऱ्याने लावली असली तरी ते कळताच पोलिसांना कळवणे जमीनधारकावर बंधनकारक आहे. वाट्याने दिलेल्या रानातून अधूनमधून फेरी मारावी.

मुलांच्या बाबतीत आता जुने अंदाज चालत नाहीत. पंक्चरचे सोल्युशन किंवा व्हाइटनर रुमालावर घेऊन हुंगणारी मुले बारा-तेरा वर्षांचीही असतात. त्याने हृदय अचानक बंद पडू शकते, पहिल्या वेळीसुद्धा. खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाच्या रिकाम्या बाटल्या गोठ्यामागे सापडल्या, झोपेच्या गोळ्यांची पाकिटे दप्तरात आढळली, तर मारझोड न करता आधी विचारावे. आणि मोठ्यांनीही कंबरदुखीसाठी दुकानातून सुट्या वेदनाशामक गोळ्या रोज घेणे थांबवावे. त्यांची नशा येत नाही हे खरे, पण मूत्रपिंड आणि जठर दोन्ही खराब होतात.

गावातील परवान्याचे दारू दुकान बंद करायचे असल्यास पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यावा लागतो. त्यानंतर "उभी बाटली, आडवी बाटली" असे मतदान होते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले पाहिजे. घरी बसलेली बाई येथे दुकानाच्या बाजूचीच ठरते, हे ध्यानात घेऊन मतदानाच्या दिवशी खुरपणी लावू नये. हातभट्टीला मतदान लागत नाही, त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे किंवा पोलिसांकडे तक्रार पुरते.

उपचारासाठी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात चौकशी करावी. पुण्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. दारू व इतर अमली पदार्थांसाठी १४४४६ हा सरकारी निःशुल्क दूरध्वनी आहे, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. फोन व्यसन असलेल्यानेच करावा असे नाही. आईने, बायकोने, मुलीने केला तरी पलीकडचे लोक बोलतात.