फार्महाउसच्या कुंपणाआतलं रान

अमेरिकेत पन्नासेक एकर रानाचा मालक हरणं आणि टर्की वाढावीत म्हणून झाडी विरळ करतो, गवत राखतो आणि हंगामात बंदूक घेऊन बाहेर पडतो. आपल्याकडे यातला बंदुकीचा भाग १९७२च्या वन्यजीव कायद्याने संपवला. बाकीचं काम मात्र गुरुग्राम-फरीदाबादच्या अरवलीत किंवा दिल्लीच्या छतरपूरकडे जमीन घेतलेल्यांच्याही वाट्याला येऊ शकतं. तिथे टर्कीच्या जागी मोर आहे, हरणाच्या जागी नीलगाय. विदर्भात तिला रोही म्हणतात. ती हरीण मानली जात असली तरी दरवर्षी शिंगं गाळणाऱ्या चितळ-सांबरांच्या कुळातली नाही. ती गुरांच्या कुळातली.

नव्या मालकाच्या हातून पहिली चूक सहसा हौसेपोटीच होते. बांधावर मोर दिसतो, मालक खूश होतो आणि ‘मोरासाठी जागा साफ करून घेऊ’ म्हणत काटेरी झुडपं उपटून लॉन अंथरतो. लांडोर अंडी घालते ती जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला उकरलेल्या उथळ खळग्यात. पिल्लांना किडे हवेत, म्हणजे वाढलेलं गवत हवं. रात्री झोपायला उंच झाड हवं. टर्कीचंही असंच, दोन्ही पक्षी एकाच कुळातले आहेत. लॉनवर यातलं एकही मिळत नाही, उलट मोकाट कुत्र्याला लांबूनच सगळं दिसतं. आपल्याला जो कचरा वाटतो तो लांडोरीच्या पाळणाघराचा पडदा असतो.

‘हिरवं दिसतंय, म्हणजे जंगल चांगलं आहे’ ही समजूत त्याहून चिवट. दिल्लीतल्या रिज नावाच्या टेकड्यांवर आणि भोवतालच्या अरवलीत दिसणारी बरीचशी हिरवाई विलायती कीकराची आहे. आपल्या सोलापूर-पुण्याकडची वेडी बाभूळ ती हीच. मूळची अमेरिका खंडातली ही झाडं इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीत लावली. त्यांच्या दाट सावलीखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. शेंगा मात्र गोड, त्यामुळे शेळ्या आणि नीलगायी त्या आवडीने खातात. बी टणक असतं, पोटातून अखंड बाहेर पडतं आणि लेंड्यांतून नवी रोपं येतात. म्हणजे ज्या प्राण्यासाठी रान सुधारायचं, तोच कीकराचा प्रसारक!

यावर सगळा कीकर एकदम तोडावा, असं कुणी सुचवेल. तेही चुकीचंच. खोड जमिनीलगत कापलं की बुंध्यातून चार-पाच फुटवे येतात आणि जाळी आधीपेक्षा दाट होते. शिवाय तोवर मोराला झोपायला तेच झाड असतं. तुकड्या-तुकड्याने फांद्या छाटून ऊन जमिनीपर्यंत पोचू द्यायचं, गवत येऊ द्यायचं आणि खाली धौ, रोंझ, सालई, पळस, बोर अशी इथली झाडं लावायची. ती उभी राहिली की मग मोठा कीकर काढायचा. गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानात जुन्या खाणींच्या सुमारे ३९० एकर जागेवर २०१० पासून स्थानिक झाडा-गवतांचं रान उभं केलं गेलं. अभयारण्य नसूनही संवर्धन करणारी देशातली पहिली जागा म्हणून २०२२ मध्ये त्याची नोंद झाली. खड्डे खणून एका जातीची रोपं रांगेत लावली असती तर तिथे रान नव्हे, बाग झाली असती. अरवली मुळात कोरडी, खुरट्या झाडीची आणि गवताची भूमी आहे. दर रिकाम्या जागेत झाड हवंच, हा हट्ट सह्याद्रीकडून आलेल्या आपल्यासारख्यांना अधिकच सोडवत नाही.

जुनं रान कसं दिसतं ते पाहायचं तर फरीदाबादजवळ मांगर बनी आहे. ही देवराईच. गुदडिया दास बाबांच्या श्रद्धेपायी भोवतालच्या गुज्जर गावांनी तिथली काडीही मोडू दिली नाही, म्हणून धौची झाडी टिकली. कागदोपत्री मात्र ती गावाच्या सामायिक जमिनीवर होती; पुढे ती खासगी नावांवर वाटली गेली आणि बरीचशी बाहेरच्यांनी विकत घेतली.

आणि ‘सातबारा माझा, मग झाड माझं’ हे दिल्लीकडे चालत नाही. (तिथे सातबाराच नाही, ही गंमत वेगळी.) दिल्लीत १९९४च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार खासगी जागेतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. हरियाणात १९००चा पंजाब भूसंरक्षण कायदा आहे. त्याच्या कलम ४ खालच्या विशेष आदेशांतली जमीन वनच मानायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०२२ रोजी सांगितलं. तेव्हा कीकराला हात लावण्याआधीही वनखात्याला विचारलेलं बरं.

चितळं आणून सोडायचा मोह कुणाला झाला तर कायदा आडवा येतोच, शिवाय हौज खासचं डीअर पार्क नजरेसमोर ठेवावं. कुंपणात, शिकारी प्राण्याविना हरणं वाढत सुमारे ६०० झाली, २०२३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने त्या जागेची मान्यता काढली आणि त्यांना राजस्थानात हलवण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

दाणे टाकायची तर गरजच नाही. दाण्यांनी कबुतरं, उंदीर आणि कुत्रीच जास्त जमतात. उन्हाळ्यात उथळ पाणवठा उपयोगी पडतो. त्याच्या आसपास आडोसा हवा आणि चढून बाहेर यायला उतार हवा. भिंतीऐवजी प्राण्यांना जाता-येता येईल असं कुंपण ठेवलं तर नीलगाय येईल, पण ती शेजाऱ्याच्या मोहरीतही शिरेल. शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवावं.

झुडपांची छाटणी हिवाळ्यात करावी. पावसाळ्यात लांडोर अंड्यांवर असते. त्या महिन्यांत माळ्याचा कोयता खुंटीलाच टांगलेला बरा.