तेरड्याचे गोत्र

गौरी येण्याच्या आदल्या दिवशी कल्याण स्टेशनबाहेर तेरड्याचे ढीग लागतात. शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बायका पहाटेच्या लोकलने हा माल आणतात. ठाण्या-डोंबिवलीतही हेच दृश्य. कोकणी घरांत मुखवट्याआधी मान तेरड्याच्या रोपाचा. तेही मुळासकट हवे, कारण मुळे म्हणजे गौरीची पावले.

हा तेरडा कोणाच्या घरचा? १८७५ साली पुऱ्या झालेल्या हूकरच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या पहिल्या खंडात तो जिरेनियमच्या कुळात बसवलेला आहे. मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची लिहिणाऱ्या थिओडोर कुकनेही विसाव्या शतकाच्या आरंभी तेच केले. हूकर तर ९४व्या वर्षी, १९११ साली वारला तोवर तेरड्याच्याच जाती तपासत होता! पुढे तेरड्याला स्वतंत्र कूळ मिळाले आणि १९९८च्या नव्या वर्गीकरणाने त्याला चहा, चिकू, मोह यांच्या गोतावळ्यात नेऊन बसवले. जिरेनियमशी साम्य उरले ते बी उडवण्याच्या खोडीपुरते. पिकलेल्या बोंडाला बोट लावा, फट्कन फुटून बिया दूर फेकल्या जातात. लॅटिन नावाचा अर्थच मुळी 'उतावळा'.

पण तेरड्याचे सारे भवितव्य या फुटण्यावर आहे. तो वर्षायू. दिवाळीनंतर उतारावर त्याचा मागमूस राहत नाही, राहते ते मातीत पडलेले बी. भाद्रपदात खालची बोंडे हिरवी आणि वर फुले असताना रोप उपटले, तर पुढच्या पावसाळ्याला त्या जागी काय उगवणार? येऊरच्या जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचे कुंपण तरी आहे. घोडबंदर रस्त्याच्या कडेच्या उतारांवर इमारती उभ्या राहिल्या.

"मावशी, जुडी एवढीशी?" मी एकीला विचारले.

"जवळचा संपला बाबा. आता लांब चढावं लागतं," ती म्हणाली, आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिच्या पोटाची दोन दिवसांची कमाई त्यात आहे. तिला दोष देणे सोपे, आणि चुकीचे.

गौरीला पावले लागतात ती एका रोपाची. आपण मात्र आरास म्हणून पाच-पाच जुड्या उचलतो, आणि तिसऱ्या दिवशी त्या निर्माल्यात जातात. यंदा एकच रोप मुळासकट घ्यावे, बाकी आरास बागेतल्या फुलांची करावी. मावशीला जुडीचे पैसे द्यावेत, घासाघीस न करता.